घंटेवरचं थंड कपाट

जुन्याच्या मापानं नवं कापू नये, हे आता मला कुणी शिकवायला नको. शिकवायला येईल त्याचं थोबाड फोडीन मी. आधी माझं फोडायला हवं होतं, पण ते कुणी फोडलं नाही, तिथंच सगळं चुकलं.

मी सत्यवान, वायरमन. नगरच्या लष्करी मोटारखान्यात शिकलो आणि मिशनच्या दवाखान्याची बिजली सांभाळत होतो. त्या दवाखान्यात अमेरिकेहून आलेलं एक थंड कपाट होतं. आमचे लोक त्याला बरफाचं कपाट म्हणत आणि उगाच दार उघडून आत तोंड घालत. त्यात डेव्हिड मास्तराचं औषध असायचं.

डेव्हिड मिशनच्या शाळेत मास्तर. माझा लहानपणापासूनचा दोस्त, आणि जिभेचा असा तिखट की विचारू नका. त्याला साखरेचा आजार होता. रोज दोन वेळा इन्शुलिनची सुई घेतली तर माणूस ठणठणीत, नाही घेतली तर आठवड्यात संपला. डॉक्टरीणबाईंनी कुठून कुठून पत्रं लिहून सहा महिन्यांच्या बाटल्या मिळवल्या होत्या. त्रेचाळीस साल, लढाई चालू. पुढची बोट कधी येईल, येईल का बुडेल, कुणाला ठाऊक नव्हतं. त्या खोक्यात डेव्हिडचा जीव होता, असं धरून चाला.

फेब्रुवारीत कपाट बंद पडलं. मी प्लग बघितला, फ्यूज बघितला, दिवा लावून वायरी तपासल्या. थर्मोस्टॅटच्या दोन वायरी एकमेकींना जोडल्या तशी मोटर घुंऽऽ करून चालू झाली. म्हणजे खोट थर्मोस्टॅटात. आत पुरता गारवा झाला की मोटर थांबवायची, गारवा कमी झाला की पुन्हा चालू करायची, एवढंच त्या डबीचं काम. डॉक्टरीणबाईंनी मुंबईला नवी मागवली. यायला सहा आठवडे लागले.

तोवर छबूबाईनं तोड काढली. ही दवाखान्यातली आया, साठीची, अक्षरशत्रू. म्हणाली, "बाई, माठाखालच्या वल्या वाळूत पुरा की खोकं. आमी लोणी तसंच ठिवतो." मी हसलो. पण डॉक्टरीणबाईंनी पुरलं, आणि खरंच सहा आठवडे बाटल्या नीट राहिल्या. मास्तर येता-जाता मला डिवचायचा, "सत्यवान, तुझ्या विलायती कपाटापेक्षा छबूबाईचा माठ बरा रे!" मला राग यायचा. एप्रिल तापायला लागला तशी बाईंनाही धास्ती वाटू लागली, आणि तेवढ्यात नवी डबी आली. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलो आम्ही, दुसरं काय.

त्या डबीला एक बारीक तांब्याचं शेपूट होतं, चांगलं दोन हात लांब, वेटोळं केलेलं. जुनीला वीतभरच होतं. मी मनात म्हटलं, कंपनीवाले आंधळेच दिसतात. मोटारखान्यात आमच्या उस्तादानं एकच शिकवलं होतं, लोंबती तार म्हणजे कामचुकार हात. त्यात तांब्याचा दुष्काळ. मी जुनीचं शेपूट नवीच्या शेपटाशेजारी धरलं, माप घेतलं, आणि पक्कडीनं जास्तीचं कापून खिशात टाकलं.

फुस्स असा आवाज आला, मांजर फिसकारल्यासारखा.

तो आवाज ऐकला आणि मला कळलं. ती तार नव्हतीच. नळी होती, आणि तिच्यात वायू भरलेला होता. ते शेपूट बर्फाच्या कप्प्याला टेकवायचं असतं, त्या वायूवरून डबीला गारवा कळतो. जुनीचं शेपूट आखूड नव्हतं, तुटलेलं होतं. तीच तर तिची खोट होती! मी खोटीचं माप घेतलं आणि धडधाकट वस्तू तेवढीच लुळी करून ठेवली.

डॉक्टरीणबाई आल्या. मी म्हणालो, "बाई, डबी खराबच आली." त्यांनी विश्वास ठेवला. माझ्यावर विश्वास ठेवायची सगळ्यांना वाईट खोड होती. त्यांनी दुसरीसाठी पत्र धाडलं. मी वायरी सरळ जोडल्या, भिंतीवर एक बटन बसवलं आणि हातानं चालू-बंद करायची सोय केली. पण करणार कोण? मी दिवसभर कामावर हिंडत असायचो. छबूबाईला घड्याळ कळत नव्हतं. कळत होती ती शाळेची मोठी घंटा. सगळं मिशन त्या घंटेवर उठायचं, जेवायचं, प्रार्थनेला जायचं. मी म्हणालो, "मावशी, एक घंटा झाली की बटन खाली, दुसरी झाली की वर. बास."

"यवढंच व्हय?" ती म्हणाली. आणि घंटेच्या ठोक्याला हातातलं काम टाकून धावत जायची बिचारी. दोन दिवस मी आत थर्मामीटर ठेवून बघितलं, गारवा अगदी बेताचा. बाटल्या वाळूतून काढून कपाटात ठेवल्या, आणि मी स्वतःवर खूष.

घंटा वाजवायचं काम डेव्हिडचं होतं. त्याला मी हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं नगरपासून केडगावापर्यंत माझी टर उडवली असती, 'वायरमनचं कपाट घंटेवर चालतं' म्हणून. आणि मग डबीचं काय झालं हेही विचारलं असतं. एवढ्यासाठी, बघा. एवढ्याशा लाजेसाठी.

गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी प्रभुभोजनाची घंटा झाली. छबूबाईनं बटन खाली केलं, मोटर चालू. उपासना संपल्यावर डेव्हिडनं घंटेचा दोर वर गुंडाळून बांधला. आम्हा ख्रिस्ती लोकांत त्या रात्रीपासून प्रभू उठेपर्यंत घंटा वाजत नाही, ती ईस्टरच्या पहाटेलाच. हे मला पाळण्यात असल्यापासून ठाऊक. शुक्रवारी भर दुपारी तीन तास मी डेव्हिडच्या शेजारी बसून गायलो, आणि माझ्या टाळक्यात आलं नाही. छबूबाई आमच्यातली नव्हती. तिला काय कळणार?

शनिवारी दुपारी वापरातली बाटली संपली म्हणून डॉक्टरीणबाईंनी कपाट उघडायला घेतलं. दार निघेना. मला बोलावलं, मी हिसका देऊन ओढलं. आत सगळं पांढरं. बाटल्या गोठून दगड झालेल्या, चार तर तडकलेल्या. उन्हानं औषध बिघडेल म्हणून आम्ही जपत होतो, आणि ते गारठ्यानं मेलं.

"बटन का बंद केलं नाही?" बाईंनी विचारलं.

"घंटा झाली न्हाई बाई," छबूबाई म्हणाली. "घंटा न्हाई तर मी बटन कशी दाबू?"

घंटेची सोय बाईंना ठाऊक नव्हती, त्यांना वाटलं म्हातारी सबब सांगते. त्या माझ्याकडे वळल्या. मी तिच्यावर ओरडलो! "एवढंसं काम दिलं होतं मावशी!" म्हणालो. चोराच्या उलट्या बोंबा. त्याच संध्याकाळी तिला कामावरून काढलं. गाठोडं घेऊन ती कोल्हारला भावाकडे गेली. माझ्याविरुद्ध एक शब्द बोलली नाही, कारण चूक माझी आहे हे तिला माहीतच नव्हतं.

वितळलेलं औषध टोचून बघितलं. डॉक्टरीणबाई रोज डेव्हिडची लघवी निळ्या औषधात उकळायच्या आणि नळी रोज विटकरी व्हायची, म्हणजे साखर उतरत नव्हती. मुंबईला, पुण्याला तारा केल्या. लष्करी दवाखान्यातून पाच दिवसांचं मिळालं, तेही संपलं. रोझीवहिनी, त्याची बायको, उशाशी पाण्याचा तांब्या घेऊन बसलेली. तो घटाघटा प्यायचा तरी ओठ कोरडे.

एका दुपारी वहिनी पाणी आणायला गेली तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. शेपूट, फुस्स, बटन, घंटा. त्याच्या श्वासाला नासक्या फळांचा वास येत होता.

डेव्हिड म्हणाला, "माझ्याच घंटेवर? अरे, सांगायचं होतंस गाढवा. थाळीवर चमचा बडवला असता मी तुझ्या कपाटासाठी."

मी रडायला लागलो. त्यानं माझं मनगट धरलं. हाताला जोर नव्हता.

"छबूबाईला सांगितलंस?"

"नाही."

"माझं आता काही होत नाही. तिला जाऊन सांग. एकटीला नको, तिच्या माणसांपुढं सांग. वचन दे."

मी दिलं. तिसऱ्या दिवशी तो गेला. सव्वीस वर्षांचा होता.

मातीनंतरच्या आठवड्यात मी कोळशावरच्या सर्व्हिस मोटारीनं कोल्हारला गेलो. छबूबाई भावाच्या गोठ्याला टेकून लसूण निवडत बसली होती. घरात तिला जागा दिली नव्हती. मला बघून धडपडत उठली.

"मास्तर कसा हाय रं?"

मी सांगितलं. ती मटकन खाली बसली आणि कपाळ बडवायला लागली. "मीच मारलं! माझ्या हातानं गेलं लेकरू!"

"न्हाई मावशी," मी म्हणालो, आणि तिचे हात धरून सगळं सांगितलं. तिनं दोनदा विचारलं, तुटलेली नळी कोणती, घंटा का बंद होती. तिला कळलं तसा तिचा चेहरा सैल पडला. ती मला बोल लावेल म्हणून मी वाट बघत होतो. तिनं लावला नाही. डोळे पुसले, पदर सावरला आणि दाराकडे हाक मारली.

"अगं ए भीमे, भाईर ये! नगरचा मानूस आलाय." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "ही भावजय. मला मानूसमारी म्हनती, ताटाला हात लावू देत न्हाई. आत्ता मला सांगितलंस ना बाबा, तेच तिला सांग. लई न्हाई, यवढंच सांग."

भीमाबाई उंबऱ्यात येऊन उभी राहिली, कमरेवर हात ठेवून. मागून भाऊही आला. दोघं माझ्याकडे बघत होते. छबूबाईही बघत होती, आणि तिच्या तोंडावर मी आयुष्यात बघितली नाही अशी आशा होती.

माझ्या मनात आलं, ही भीमाबाई उद्या बाजाराला नगरात येईल, दवाखान्यात बोलेल, डॉक्टरीणबाईंच्या कानावर जाईल, रोझीवहिनीच्या कानावर जाईल.

"काही न्हाई," मी म्हणालो. "सहज आलो होतो, मावशीची खुशाली बघायला. निघतो, मोटारीची वेळ झाली."

मोटारीला अजून दीड तास होता. तेवढा वेळ मी फाट्यावर उन्हात उभा राहिलो.