आजीच्या कानातलं चोंबडं

मी कानाचं एक जुनं मशीन आहे. मित्रांनो, कागदोपत्री माझं नाव 'श्रवणयंत्र' असं भारदस्त आहे, पण त्या नावाने मला आजवर कुणी हाक मारली नाही. मी तुमच्या करंगळीच्या दोन पेरांएवढा. कानामागे बसायचं, बाहेरचं ऐकायचं आणि ते मोठं करून आत पोचवायचं, एवढंच माझं काम. माझी मालकीण मला चोंबडं म्हणायची. "माझं चोंबडं कुठे ठेवलं गं?" असा आवाज आला की घराला कळायचं, आजी उठली.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. माझ्यासारखीच दोनशे भावंडं एका ताटात पडलेली होती, त्यामुळे लाड वगैरे काही झाले नाहीत. मी खरा मी झालो तो कानवाल्यांच्या दुकानात. कानवाले म्हणजे कान तपासून मशीन बसवून देणारे गृहस्थ. त्यांनी आजीच्या उजव्या कानात मऊ लगदा भरून ठसा घेतला आणि त्यावरून एक साचा बनवला. साचा कानात, मी कानामागे, आणि मधे एक बारीक नळी. डाव्या कानाचा तर उपयोगच नव्हता. तीस वर्षं आजी छापखान्यात, धडधडणाऱ्या यंत्राशेजारी बसून पुस्तकांची पानं जुळवायची. तिथे 'जरा सरक' हेसुद्धा बोंबलून सांगावं लागे. त्यातच तिचे कान गेले.

मला पहिल्यांदा कानात घातलं तेव्हा आजी छताकडे बघत म्हणाली, "हा पंखा एवढी कुरकुर करतो होय?" मग तिने दार उघडलं, मिटलं, नळ सोडला, कागद चुरगाळला. लहान मुलाला खेळणं मिळावं तशी ती दिवसभर घरातले आवाज काढत बसली. 'मशीन लागलं आणि आई माणसात आली,' असं मुलगा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागला. मी फुगून गेलो. कधीकधी साचा नीट बसला नाही की मी शिट्टी मारायचो आणि पाहुणे चहाची किटली शोधायला लागायचे.

मुलाच्या बायकोचं आणि माझं विशेष जमायचं. आजी तिला 'बाळ' म्हणायची. माझा सेल शर्टाच्या बटणाएवढा. आजीच्या थरथरत्या बोटांत तो ठरायचा नाही, म्हणून दर रविवारी सूनच तो बदलायची. शेवटच्या वर्षी आजीचे पाय गेले. खुर्ची ते पलंग आणि पलंग ते खुर्ची, एवढंच तिचं जग राहिलं. तिला उचलणं, न्हाऊ घालणं, भरवणं, चादरी बदलणं, सगळं सुनेच्या अंगावर आलं. आजीला उठवताना सुनेला लागलेली धाप मी अगदी जवळून ऐकली आहे. माझं कौतुक करणारे ढीगभर होते, तिच्या वाट्याला फारसं कुणी आलं नाही.

मग एका सकाळी आजीने मला मागितलं नाही.

महिनाभर मी डबीत पडून होतो. सेल काढलेला, झाकण बंद. माझ्यासारख्या बोलघेवड्याला यापेक्षा मोठी शिक्षा नाही. पुढे एका रविवारी दुपारी मला बाहेर काढलं गेलं. आजीची आठवण काढायला घरचे सगळे जमणार होते. बाहेरच्या खोलीतलं कपाट भिंतीला सरकवलं, शेजाऱ्यांकडून खुर्च्या आणल्या. टेबलावर आजीचा फोटो, तिचा चष्मा, तिने स्वतः शिवलेली एक वही, माझी डबी आणि मी. कुणाला काय वाटलं कोण जाणे, पण सुनेने माझ्यात नवा सेलही घातला. आजीचे कान बघायला घरी येणारे कानवालेही आले होते. ते दाराजवळच्या खुर्चीत बसले.

प्रत्येकाने एक आठवण सांगायची, असं ठरलं होतं. पण आठवण आजीची निघायची आणि गाडी सुनेवर येऊन थांबायची. "पोटच्या पोरीने केलं नसतं इतकं वहिनीने केलं," लांबच्या गावाहून आलेली लेक म्हणाली. मुलगा म्हणाला, "हिच्या तोंडून कधी 'दमले' असा शब्द नाही." दर वाक्याला सून हातातला रुमाल पिळत होती. तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "मला नाही काही बोलायचं."

"बोल ना आई," आठ वर्षांची नात म्हणाली.

सून उभी राहिली. "मग माझं कौतुक आधी थांबवा," ती म्हणाली. "आई गेल्या त्याच्या तीन आठवडे आधीची गोष्ट. माझ्या बहिणीने नवं घर घेतलं, त्या शुक्रवारी सगळे तिकडे जमले होते. मला निघता आलं नाही. सकाळपासून तीन चादरी धुतल्या होत्या. बहिणीचा फोन आला तेव्हा मी आईंच्या खुर्चीशेजारीच उभी होते. मी तिला म्हणाले, 'कधी संपायचं गं हे? सुटू दे एकदाचं.' आणि वळून बघते तर आई माझ्याकडेच बघत होत्या. मशीन कानात होतं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, 'बरोबर आहे तुझं.'" तिने माझ्याकडे बोट दाखवलं. "पुढे तीन आठवड्यांत त्या गेल्या. माझं बोलणं मनाला लावून गेल्या. मला झोप नाही तेव्हापासून."

मित्रांनो, माझी काय अवस्था झाली असेल? ते वाक्य आजीच्या कानात नेऊन घालणारा दुसरा कोण होता? मी पुनःपुन्हा आठवून पाहिलं. शब्द पोचवणं हाच माझा जन्म, मी वाक्यं सहसा विसरत नाही. हे वाक्य मात्र मला कुठेच सापडेना. पण सून खोटं कशाला बोलेल? तिने तर मशीन डोळ्यांनी पाहिलं होतं.

कानवाल्यांनी हातातला कप खाली ठेवला. ते टेबलाजवळ आले, माझी डबी उचलली आणि तळाचा स्पंज वर करून एक चिठ्ठी काढली. दुरुस्तीला आलेल्या मशीनला ते बांधतात तशी.

"वाचा," त्यांनी चिठ्ठी सुनेपुढे धरली.

तिने वाचली. त्या आठवड्यातल्या सोमवारची तारीख, पुढे लिहिलं होतं, 'आवाज बंद'. त्याखाली शनिवारची तारीख, 'परत दिलं'.

"त्या शुक्रवारी हे मशीन माझ्या टेबलावर पोट उघडं टाकून पडलं होतं," कानवाले म्हणाले.

"पण कानात होतं. मी बघितलं."

"ते मेलेलं होतं. याच रंगाचं, माझ्याकडचं जुनं. त्यांचा साचा त्याला लावून दिला होता. त्यातून ऐकू येणं सोडाच, कानाला बूच मारल्यासारखं होतं. त्यांनीच मागून घेतलं. मला म्हणाल्या, 'घरी सांगू नका. मशीन नाही म्हटलं की सगळे ओरडून बोलतात. ओरडून जेवलात का विचारलं तरी माणसाचा चेहरा भांडल्यासारखा दिसतो. तीस वर्षं छापखान्यात तसले चेहरे बघितले, आता माझ्या सुनेचा नाही बघायचा.' मी त्यांना शब्द दिला होता. आज मोडला."

मुलगा एकदम खुर्चीत सरळ बसला. "थांबा. त्याच आठवड्यात मी तिला विचारलं होतं, डॉक्टरांना आजच बोलवू की उद्या? तर म्हणाली, बरोबर आहे तुझं."

"मला पण," नात म्हणाली. "मी विचारलं, निळा फ्रॉक घालू का हिरवा? तर म्हणाली, बरोबर आहे तुझं."

"मी फोनवर पंधरा मिनिटं सासूबाईंची गाऱ्हाणी सांगितली," लेक म्हणाली, "आणि मला वाटलं, आई माझ्या बाजूने आहे."

आधी नात हसली, मग कानवाले, मग सगळी खोली. पाच दिवस आजीने एकाच वाक्यावर अख्खं घर चालवलं होतं आणि कुणाला पत्ता लागला नव्हता. सुनेने रुमालाने तोंड झाकलं. खांदे हलत होते, पण ती हसते आहे की रडते आहे ते कळेना. मला वाटतं दोन्ही चाललं होतं. मग ती मटकन खुर्चीत बसली आणि तिने इतका लांब श्वास सोडला की टेबलावर मलाही तो स्पष्ट ऐकू आला. माझ्याही जिवावरचं ओझं उतरलं. त्या दुपारी पहिल्यांदाच तिने समोरची बिस्किटं खाल्ली, तीही एकापाठोपाठ चार.

हसणं ओसरल्यावर लेक उठून तिच्याजवळ गेली आणि खाली जमिनीवर बसली.

"वहिनी, आईने ऐकलं नाही ते बरंच झालं," ती म्हणाली. "पण आम्हीही नाही ऐकलं गं. आमचे तर कान धड होते. खूप दमली होतीस ना?"

सुनेने नवऱ्याकडे बघितलं. तो मान खाली घालून बसला होता. "हो," ती म्हणाली. "खूप."

मुलगा उठला, कपबशा गोळा केल्या आणि विसळायला आत गेला.

उद्या कानवाले मला घेऊन जाणार आहेत. नवा साचा बनेल, नवा कान मिळेल. मित्रांनो, माझ्यासारख्यांनी शेवटी काहीतरी मागायची रीत आहे. मला ओलं करू नका, सेल वेळेवर बदला, हे कानवाले सांगतीलच. माझं मागणं वेगळं आहे. घरात कुणी कुणाचं करत असेल, तर त्या करणाऱ्या माणसाला जवळ जाऊन विचारा, "दमलीस का?" आणि उत्तर येईपर्यंत तिथून हलू नका. त्यासाठी मशीन लागत नाही.