बरा झालेला पाय

मी कवडी. घोडी आहे, आणि आज जे सांगतेय ते मान खाली घालूनच सांगतेय. माझ्या कपाळावर कवडीएवढा पांढरा ठिपका आहे, त्यावरून हे नाव पडलं. बोरी अरबजवळच्या एका तांड्यावर, भीमसिंगच्या घरी मी जन्मले. आईसारखीच मीही लग्नाच्या वरातीत जाऊ लागले.

गेल्या मार्गशीर्षात एका वरातीत डीजेचा दणका चालू असताना माझा पुढचा डावा पाय नालीवरच्या फुटक्या फरशीत गेला. नवरदेवासकट मी गुडघ्यावर आले. तो उतरला, फेटा सावरला आणि पायीच मांडवाकडे निघाला. मला मात्र पाय टेकवता येईना.

दारव्ह्याहून गुरांचे डॉक्टर आले. म्हणाले, "हाड शाबूत आहे, शीर दुखावली. रोज दोन वेळा थंड पाण्याची धार सोडा, मग पट्टी बांधा. सूज उतरली की मऊ मातीवर थोडं थोडं चालवा. दोन महिने वरात नाही."

भीमसिंग आठ दिवस थांबला आणि मग राजूरला कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून गेला. जाताना बायकोला म्हणाला, "धने, हिच्या पायाचं आता तूच पाह्यजो."

धनीबाई छत्तीस वर्षांची. अंगणवाडीत मदतनीस. तिथली सेविका लवकरच निवृत्त होणार होती, पण त्या जागेसाठी बारावी लागते. म्हणून धनीबाईने बाहेरून परीक्षेचा फॉर्म भरला होता. पहाटे उठून ती वीस मिनिटं माझ्या पायावर पाणी सोडायची. नऊला अंगणवाडी, तिथे झाडझूड, पोरांची खिचडी. दुपारी स्वतःच्या वावरात कापूस वेचायचा. अभ्यास तेवढा संध्याकाळी, मला चालवताना. नाल्याच्या रेतीतून आम्ही हळूहळू जायचो, तिच्या एका हातात माझी दोरी आणि दुसऱ्या हातात पुस्तक.

"रिस्पेक्टेड सर, आय बेग टू स्टेट..." ती इंग्रजीतला अर्ज मोठ्याने घोकायची आणि अडली की माझ्याकडे पाहायची.

शेजारची सोनीबाई हसायची. "काहून वं धने, घोडीले शिकवून राह्यली का?"

"ते पास झाली त मीबी होईन," धनीबाई म्हणायची.

आजवर माणसांनी मला सजवलं होतं, नाचवलं होतं. माझ्या चालीने कुणी चाललं नव्हतं.

जानेवारी संपता संपता पायातली कळ गेली. सुरुवातीला माझा विश्वास बसेना. पाय टेकवला की दुखेल, या भीतीने मी तो उचलूनच धरायची. पण ती भीती चार-पाच दिवसांत सरली, हे मला कबूल केलं पाहिजे. धनीबाई अंगणवाडीत गेली की मी खुंट्याभोवती न लंगडता चालायची. ती परत आली की मी पुन्हा लंगडायची. बरी झाले की पुन्हा वरात, पुन्हा तो दणका, आणि संध्याकाळची ती रेती बंद. एवढंच माझ्या डोक्यात होतं.

इंग्रजीच्या पेपरच्या दिवशी ती नवं लुगडं नेसून, पिशवीत हॉलतिकीट घालून निघाली. ऑटो तांड्याच्या तोंडाशी उभा होता. आज संध्याकाळपर्यंत ती येणार नाही हे मला कळलं. मी पाय वर धरला आणि खिंकाळले.

ती वळली. पिशवी खुंट्याजवळ ठेवून खाली बसली आणि दोन्ही हातांनी माझा पाय चाचपू लागली. ऑटोवाल्याने दोनदा भोंगा वाजवला.

"तुम्ही व्हा पुढं," ती म्हणाली.

मग तिने डॉक्टरांना फोन केला. ते दुपारी आले तेव्हा पेपर सुटत आला होता. त्यांनी माझी शीर दाबली, खूर उचलून पाय वाकवून पाहिला, मला डांबरी रस्त्यावर पळवलं. मी पळाले. पळताना लंगडायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही.

"धनीबाई, पाय पूर्ण बरा आहे," ते म्हणाले. "पंधरा दिवस तरी झाले असतील. तुम्ही पेपर सोडलात की काय?"

तिने नुसतं माझ्या पायाकडे बोट केलं. डॉक्टर गेल्यावर तिने मला दाव्याला बांधलं. आता काठी उचलेल म्हणून मी कान पाडून उभी राहिले. पण ती तिथेच खाली बसली.

"तुहा पाय गरम नोयता," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "दुखणं असतं त गरम लागला असता. आठ रोज झाले, गरम नाई. मले माहीत होतं, कवडे. त्या पेपरचं भेव वाटत होतं मले. एवढ्याल्या पोरींमंदी जाऊन बसाचं, अन् काही नाई आलं तर? तू वरडली, मले बरंच झालं." तिने पदर तोंडावर घेतला. "डॉक्टर इचारून राह्यले, अन् तुह्याच पायावर टाकून बसलो मी सारं."

तिने आपलं सांगून टाकलं होतं. माझं तसंच राहिलं. बहाणा शोधणाऱ्याच्या हातात बहाणा आणून देणारी मीच होते, आणि तिच्या भीतीने माझी लाज काही कमी होत नाही.

बाकीचे पेपर तिने दिले. इंग्रजीचा राहिलेला पेपर आज आहे, पुरवणी परीक्षेत. सकाळी ती निघाली तेव्हा मी चारही पाय घट्ट रोवून उभी राहिले, चाऱ्यातून तोंडसुद्धा वर काढलं नाही. ती क्षणभर थांबली आणि गेली. निकाल काय लागेल ते मला माहीत नाही. पुढच्या मोसमात मी वरातीला जाणार आहे, आणि कुरकुर करणार नाही.

तिची माफी मागायला माझ्याकडे शब्द नाहीत, म्हणून तुम्हाला सांगितलं. तुमच्यापैकी कुणी दुखण्यातून उठलं असेल, आणि बरं वाटत असूनही पडून राहिलं असेल, तर उठा. कुणीतरी आपलं पुस्तक मिटून तुमच्यापाशी बसलेलं आहे.