तुळईखालचा खेळ

फळ्याच्या वरच्या अर्ध्या भागावर लिहिणे दीपश्रीने सोडले, त्याला दोन महिने होत आले होते. हुबळीच्या विद्यानगरातल्या ज्या कॉलेजात ती रसायनशास्त्र शिकवी, तिथल्या मागच्या बाकांवरून तक्रार आली तेव्हा वर ट्यूबलाइटची चमक येते असे सांगून तिने वेळ मारून नेली. धारवाडहून हुबळीला जाताना चिगरी या जलद बसमधली वरची दांडी ती डाव्या हाताने धरी. वेणी घालताना मान उजवीकडे कलती करी. हात डोक्यापर्यंत जात नाही म्हणून डोकेच हातापर्यंत आणायचे, ही तडजोड तिने कुणाला न सांगता स्वीकारली होती.

उजव्या खांद्याचे हे दुखणे बॅडमिंटनमधल्या स्मॅशचे, डोक्यावरून मारायच्या फटक्याचे होते. लॅमिंग्टन रोडवरच्या आपल्या दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट अनिशने तिचा हात धरून हळूहळू वर नेला. खांद्याच्या रेषेपर्यंत तो निमूट गेला आणि तिथून पुढे तिचा श्वास अडकला.

"हात वर गेला की इथली कंडरा हाडाखाली चेपते, मॅडम," अनिश म्हणाला. "तुम्ही ती रोज दोनशे वेळा चेपलीत. सुजलीय, अजून फाटली नाही. सहा आठवडे हात डोक्यावर नेऊन मारायचं नाही."

"येत्या रविवारी मॅच आहे."

"मग रविवारनंतर माझ्याकडे येऊ नका. सर्जनकडे जा."

मॅच धारवाड आणि हुबळी या दोन क्लबांमधल्या शील्डची होती. या शील्डच्या महिला डबल्समध्ये एक जुनी अट आहे: जोडीतल्या दोघींचे वय मिळून शंभर भरले पाहिजे. ही अट कुणी घातली हे कोणत्याही इतिवृत्तात सापडत नाही. घालणाऱ्याला माणसे कळत असावीत. दीपश्री अडतीस वर्षांची, तिची जोडीदार शकुंतलाक्का चौसष्ट. धारवाडच्या मालमड्डीतल्या त्यांच्या क्लबात शंभर भरणारी आणि जाळीपलीकडे शटलचे फूल धाडू शकणारी दुसरी जोडी नव्हती. शील्ड अकरा वर्षे हुबळीत होती.

क्लबचे सचिव हुईलगोळ वकील यांनी आयुष्यात रॅकेट हाती धरली नव्हती, त्यामुळे खेळातल्या वेदनेविषयीची त्यांची मते अत्यंत निर्मळ होती. शनिवारी इंजेक्शन घ्यावे, रविवारी खेळावे, सोमवारचे सोमवारी बघावे. बोलता बोलता त्यांचे बोट भिंतीवर उंच टांगलेल्या फोटोकडे वळे. फोटोत पंचवीस वर्षांची शकुंतला हवेत होती, उजवा हात कानाला चिकटून थेट वर, आणि रॅकेट चौकटीबाहेर निघालेली.

"खांदा ठणकत होता म्हणे," वकील सांगत. "पण हूं की चूं नाही. शील्ड घेऊन आली. असे लोक आता कुठं आहेत, मॅडम?"

असे लोक, खरे तर, रोज पहाटे साडेपाचला त्याच फोटोखाली खेळत असत. पण क्लबला फोटोतली शकुंतला अधिक सोयीची होती. ती काही बोलत नसे.

युनिव्हर्सिटीच्या कचेरीतून निवृत्त झालेल्या शकुंतलाक्कांचा खेळ पाहायला नवखा माणूस आला तर त्याला आधी वाटे, बाई खेळतच नाहीत. त्या धावत नसत, उडी घेत नसत, हात कधी वर जात नसे. फूल कमरेपाशी येईपर्यंत थांबत आणि मनगट एवढेसे वळवून ते जाळीवरून दोन बोटांच्या अंतराने काढत. लोकांकडे याचे स्पष्टीकरण तयार होते. हॉल जुना, वर अळणावरच्या सागवानाच्या ठेंगण्या तुळया. फूल तुळईला लागले की चूक धरतात. तेव्हा बाईंना हा खेळ तुळईने शिकवला, असे सगळे म्हणत. दीपश्रीही म्हणे.

सोमवारी सराव आटोपून दोघी शेवटी बाहेर पडल्या. शकुंतलाक्कांनी नेहमीप्रमाणे दाराची वरची कडी रॅकेटच्या मुठीने ढकलून लावली.

"शनिवारी इंजेक्शन घेतेय, अक्का," दीपश्री म्हणाली. "वकिलांना हो म्हटलंय."

शकुंतलाक्कांनी कडी नीट बसली का पाहिले. "मी ही रॅकेटनं का लावते, सांग बघू."

"हात पोचत नाही म्हणून. उंची कमी."

"इकडं ये. अशी शेजारी उभी राहा."

दीपश्री उभी राहिली. दाराच्या काचेत दोन डोकी दिसली, आणि ती एका उंचीची होती. वर्षानुवर्षे सारा क्लब या बाईला बुटकी समजत आला होता.

मग शकुंतलाक्कांनी डाव्या तळव्याने उजवे कोपर उचलले. हात कानापर्यंत आला आणि थांबला. "एवढाच. त्या फोटोनंतर याच्यावर गेला नाही."

"तेव्हा इंजेक्शन..."

"तेव्हाही शनिवारीच दिलं होतं."

"कुणाला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं की, हात गेला म्हणून. त्या वर्षीच्या अहवालात छापून आलं, शकुंतलाबाई अत्यंत विनयशील आहेत म्हणून."

बसमध्ये डाव्या हाताने दांडी धरून दीपश्री विचार करत राहिली. जो खेळ ती इमारतीचा समजत होती, तो या बाईने एकटीने रचला होता. हाताच्या आवाक्यातला वरचा अर्धा भाग गेल्यावर उरलेल्या अर्ध्यात गुडघे, मनगट आणि धीर एवढ्या सामग्रीवर चाळीस वर्षे, कुणाचीही दया न मागता. आणि मोबदल्यात तिला बुटकेपणाचा लौकिक मिळाला होता. विद्वत्तेच्या नावाखाली दीपश्रीने पुष्कळ माणसे पाहिली होती. असा अभ्यास पाहिला नव्हता. त्या संध्याकाळी तिने वकिलांना फोन केला. इंजेक्शन नको, म्हणाली, पण खेळेन.

पुढचे दिवस तिने शिकण्यात घालवले, आणि शिकायचे एकच होते: न मारणे. फूल उंच आले की तिचे कोपर आपोआप उठे, आणि जाळीजवळून आवाज येई, "तडी, तडी." मग मराठीत, "थांब गं. ते खाली येणारच आहे. आजवर एकही वर राहिलेलं नाही."

"तोवर समोरची तयार होते, अक्का."

"होऊ दे की. तू काय करणार ते तिला कळत नाही, तुला आधी कळतं."

रविवारी हॉल भरला. समोर हुबळीच्या सरिता आणि उत्तरा होत्या, उंच छताच्या नव्या हॉलमध्ये तयार झालेल्या, जोरकस हाताच्या. पहिला गेम त्यांनी सहज घेतला. दुसऱ्यात शकुंतलाक्कांनी फूल इतके खाली ठेवले की त्यांना ते उचलावेच लागे, आणि उचलले की तुळई वाट पाहत असे. सात वेळा फूल सागवानाला लागले. सातव्या वेळी सरिता हसून म्हणाली, "अक्का, ही तिसरी खेळाडू तुम्ही कुठनं आणलीत? हिचं वय नाही धरलं शंभरात?"

"धरलं तर आम्ही तिघी होऊन बाद होऊ," शकुंतलाक्का म्हणाल्या.

गेम धारवाडचा झाला. तिसऱ्यात हुबळी वीस, धारवाड एकोणीस. सरिताने जाळीजवळून एक फूल उचलले. ते दोन तुळयांच्या मधून नेमके सुटले आणि दीपश्रीच्या डोक्यावर सावकाश उतरू लागले. इतके सोपे फूल तिला साऱ्या दिवसात आले नव्हते.

"मार," खुर्चीतून वकील म्हणाले.

आठवडाभराच्या विश्रांतीनंतर खांदा त्या क्षणी जराही दुखत नव्हता. कोपर उठले, खांद्याच्या रेषेपर्यंत आले. जाळीजवळ पाठमोऱ्या उभ्या असलेल्या शकुंतलाक्का या वेळी काही म्हणाल्या नाहीत.

दीपश्रीने कोपर खाली घेतले. गुडघ्यात वाकली, फूल कमरेपर्यंत येऊ दिले आणि मनगट वळवले. फूल जाळीच्या वरच्या पट्टीवर टेकले, तिथे किंचित रेंगाळले आणि अलीकडे पडले.

शील्ड बाराव्या वर्षी हुबळीला गेली. शकुंतलाक्का वळल्या, त्यांनी दीपश्रीचा उजवा खांदा तळव्याने हलकेच दाबला, भाकरीचे पीठ मळून झाले का पाहावे तसा, आणि मान डोलावली.

वकील उठून आले होते. "एकदा हात वर करायचा होता, मॅडम. एकदाच. फोटो तर समोर होता."

"वकीलसाहेब," शकुंतलाक्का रॅकेट पुसत म्हणाल्या, "तो फोटो जरा काढून द्या."

"आता? तो कशाला, अक्का?"

"मला घरी न्यायचाय. आमच्या दोघींचा हात तिथवर पोचत नाही. हिचा सहा आठवड्यांनी पोचेल. माझा त्या फोटोतच शेवटचा पोचला."

वकील हसले आणि सोबतीसाठी इकडेतिकडे पाहू लागले. कुणी हसत नव्हते. उत्तरा आपल्या उजव्या खांद्यावर हात ठेवून उभी होती.

"तुमचे खांदे शाबूत आहेत," शकुंतलाक्का म्हणाल्या. "सावकाश चढा. घाई नाही."

कुणीतरी स्टूल आणून ठेवले. हुईलगोळ वकील त्यावर चढले आणि त्यांनी दोन्ही हात वर केले. कोपरे थेट कानांना लागली. चेहऱ्यावर कुठे कळ उमटली नाही. न वापरलेला खांदा किती उंच जातो, हे दीपश्री बघत राहिली. खिळ्यावरून चौकट सुटली, आणि शकुंतलाक्कांनी ती खालून, कमरेच्या उंचीवर, दोन्ही हातांत घेतली.