वहीतली रिकामी जागा

"अक्का, दोन ओळ रिकामं आहे की. आत्ता लिहितो. कोणाला गोत्त होणार, कोणाला कळणार?" असं म्हणत तालीम घेणाऱ्या आणि वही सांभाळणाऱ्या शिवाजीरावांनी प्रयोगाची वही वनजाबाईंपुढे सरकवली आणि खिशातलं पेन काढून तिच्यावर ठेवलं.

म्हैसूरच्या हिनकल भागातल्या, नाटक कंपनीच्या तालमीच्या हॉलमध्ये वनजाबाई एका खुर्चीवर बसल्या होत्या आणि दुसऱ्या खुर्चीवर त्यांची काठी. अग्रहारातल्या घरून रिक्षाने येताना वाटेतल्या एकेका गतिरोधकाने त्यांच्या खुब्याची विचारपूस केली होती. अकरा वाजले होते. बाराला तालीम, आणि तीत त्यांची भूमिका कायमची बदली कलाकाराकडे जायची होती. तोवर या दोन ओळींचा निकाल लागला नाही, तर एकतीस वर्षांच्या कामाचा निकाल लागणार होता, आणि हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

वनजाबाईंचे पूर्वज म्हणे म्हैसूरच्या फौजेत होते. तलवारी कुठे गेल्या कोण जाणे. वनजाबाईंच्या वाट्याला आला तो फक्त खणखणीत आवाज. घरात मराठी बोलायचं आणि रंगमंचावर कन्नड, यात त्यांची हयात गेली. आधी नायिकेची मैत्रीण, मग वहिनी, मग आई, आणि आता नातसुनेच्या नाकी नऊ आणणारी म्हातारी. ही म्हातारी शेवटच्या अंकात फुगडी घालायची आणि प्रेक्षक खुर्च्या बडवायचे. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी एवढी टाळी घेणारी दुसरी बाई कंपनीत नव्हती.

शिवाय त्या कंपनीतल्या कलाकार संघाच्या प्रतिनिधी होत्या, म्हणजे मालकाच्या डोळ्यातलं कुसळ. संघाने कंपनीकडून करार करून घेतला, त्यातलं निम्मं भांडण त्यांचं. प्रयोगात कोणी जखमी झालं, तर त्याची भूमिका चार महिने राखून ठेवायची आणि बदली कलाकाराने तोवर फक्त सांभाळायची, हे कलम त्यांचंच. अट एकच होती. अपघाताची नोंद त्याच दिवशी वहीत व्हायला हवी.

'त्याच दिवशी' हा हट्टही त्यांचाच. पूर्वी मॅनेजर वहीत मागाहून काहीबाही लिहायचे. नमिता नावाच्या मुलीने रात्रीच्या प्रवासाला नकार दिला, तेव्हा मागच्या महिन्याच्या तारखांखाली तिच्या उशिरा येण्याच्या तीन नोंदी अचानक उगवल्या आणि पोरीला घरी बसवलं गेलं. तेव्हा वनजाबाईंनी सहा दिवस कोणाला तोंडाला रंग लावू दिला नाही. नमिता परत आली नाही, पण नियम आला. रोज प्रयोग संपला की पानावर उरलेल्या जागेत संघाच्या प्रतिनिधीने आडवी रेघ मारायची आणि खाली सही करायची. रेघेनंतर अक्षर नाही.

आणि याच वनजाबाईंची नोंद वहीत नव्हती.

त्याला कारण शंभरावा प्रयोग. शंभराव्याच्या दिवशी कागदावर वाईट अक्षर उमटू द्यायचं नाही, असा कंपनीचा जुना रिवाज. वनजाबाई एरवी असल्या गोष्टींची टर उडवायच्या. पण त्या दिवशी फुगडी संपवून आत जाताना विंगेतल्या पायरीवरून त्या कुल्ह्यावर आपटल्या, आणि उठतात तोच मालकीणबाई आरतीचं ताट घेऊन समोर. शिवाजीराव वही घेऊन धावले, तर याच म्हणाल्या, आज नको, नुसता मुका मार आहे. दातओठ खाऊन त्या आरतीला उभ्या राहिल्या, आणि रेघ मारायला काही त्या टेबलापर्यंत पोचू शकल्या नाहीत. शिवाजीरावांनीही वही तशीच मिटली. चौथ्या दिवशी डॉक्टरने खुब्याच्या हाडाला चीर गेल्याचं सांगितलं. तीन महिने विश्रांती.

मग सुरू झाली वणवण. संघाच्या बेंगळुरूच्या ऑफिसला त्यांनी पाच वेळा फोन केला. नोंद असेल तर कोर्टापर्यंत जाऊ, नसेल तर आमचे हात बांधलेले, असं तिथून उत्तर आलं. मॅनेजर राघवेंद्र यांच्यापुढे त्या काल जवळजवळ रडल्या. राघवेंद्रांनी कॉफी मागवली, खुर्ची दिली, आणि नियम तुमचाच आहे अम्मा, म्हणून हात जोडले. करार भूमिकेपुरता, भूमिका गेली की करारही गेला. हाड सांधलेल्या म्हातारीला दुसरी कंपनी कोण घेणार? रात्रभर त्यांना झोप नव्हती. घरी बसून त्या काय करणार होत्या, हे त्यांना खरोखरच माहीत नव्हतं.

म्हणून आता त्यांनी पेन उचललं.

"लिहा," त्या म्हणाल्या. "मी सही करते."

शिवाजीरावांचा चेहरा खुलला. जातिवंत भला माणूस. वही आपल्याकडे ओढून घेताना ते म्हणाले, "सुम्ने, उगीच भ्यालात अक्का तुम्ही. मॅनेजरच काल संध्याकाळी बोलले मला, लिहू दे की म्हणून. फक्त अक्कांची सही बरोबर घे म्हणाले. उद्या आम्हाला कधी मागचं काही लिहायचं पडलं, तर त्या बेडा, नको म्हणणार नाहीत."

वनजाबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. आपण काय बोलून गेलो, हे त्या बिचाऱ्याच्या गावीही नव्हतं. राघवेंद्रने कॉफी का पाजली होती, ते आता त्यांना कळलं. एका खुब्याच्या बदल्यात त्याला अख्खी वही हवी होती.

तरीही पेन त्यांच्या हातून सुटेना. खरं तर त्या पडल्या होत्याच, खोटं काय होतं त्यात? शंभर माणसांनी पाहिलं असतं, तर गोष्ट वेगळी असती का? एकतीस वर्षं दुसऱ्यांसाठी भांडले, एकदा स्वतःसाठी दोन ओळी घेतल्या तर कोणाचं काय जातं? असं त्या मनाशी घोळवत असताना दार उघडून सहाना आत आली. बदली काम करणारी, सव्वीस वर्षांची, आठ दिवसांत डोळ्यांखाली काळी वर्तुळं आलेली. ती थेट त्यांच्या पायाशी बसली.

"आंटी, मला तुमचं रोल नको होतं," ती म्हणाली. "तुम्ही बेडा म्हटलं तर मी सांगते मॅनेजरला, करत नाही म्हणून. आधीच रागात आहेत ते माझ्यावर. मंड्याच्या प्रयोगानंतर रात्री एकटी व्हॅनमध्ये येत नाही म्हटलं मी."

वनजाबाईंनी डोळे मिटले.

मग त्यांनी शिवाजीरावांच्या हाताखालून वही परत ओढली, कडेला पडलेली आपली नेहमीची पट्टी घेतली, आणि त्या दोन रिकाम्या ओळींवर डावीकडून उजवीकडे रेघ मारली. खाली सही केली आणि तारीख घातली, आजची.

"अक्का, हे काय केलं?" शिवाजीराव पुटपुटले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"राहिलं होतं," वनजाबाई म्हणाल्या. "सहाना, तू करायचंस. फुगडीला डावा पाय आधी टाक, उजवा टाकलास की तोल जातो."

बारा वाजत आले तशी मंडळी जमली. प्रत्येकाने येऊन वनजाबाईंची चौकशी केली, कोणी पाया पडलं, कोणी उशी आणून दिली. बातमी एव्हाना कानोकानी झालीच होती. सहाना पदर खोचून मधोमध उभी राहिली. शिवाजीराव संहिता उघडून बसले, पण सुरू करेनात. त्यांनी चष्मा पुसला, पंखा कमी केला, पुन्हा वाढवला. बाकीचे जमिनीकडे बघत होते.

तालीम का अडली, हे वनजाबाईंच्या जरा उशिरा ध्यानात आलं. करारावर नाव नसलेल्या माणसाने तालमीच्या वेळी हॉलमध्ये थांबायचं नाही. मालकाचे दोस्त येऊन पोरींकडे बघत बसायचे, म्हणून संघाने घालून घेतलेला नियम. आणि तो त्यांना सांगायची कोणाची छाती होत नव्हती.

त्या काठीवर भार देऊन उठल्या. सहाना आधार द्यायला धावली, तर त्यांनी हातानेच तिला जागेवर परत पाठवलं. दारापर्यंत जायला त्यांना बराच वेळ लागला. दार जड होतं, ओढून घेण्यासाठी काठी काखेत धरावी लागली.

दार नीट लागल्यावरच आत शिवाजीरावांनी टाळी वाजवली.