दम घेण्यापुरता सूर

भीती वाटली का म्हणून काय विचारता! औरंगपुऱ्यातल्या त्या सभागृहाच्या पायऱ्या चढताना मी दोनदा मागं वळले होते. गाणार भानुमतीबाई, पेटी वाजवणार मी, आणि जीव जायची पाळी माझी.

बाईंना न्यूमोनिया होऊन गेला तेव्हापासून त्यांना दम पुरत नव्हता. वरच्या सा वर गेल्या की आवाज मधेच तुटायचा. "आज तुटला ना मीनाक्षी, तर पुन्हा कुठंच गायला बसणार नाही," असं त्यांनी रिक्षात मला बजावलं होतं. ही बाई बोलली की करते. इतकी वर्षं शेजारी बसून मला ते चांगलं ठाऊक आहे.

तालमीत रोज तेच व्हायचं. त्या श्वासाला थांबल्या की मी लगेच पेटीवर जागा भरायची. साथीची रीतच आहे ती, गाणारा थांबला की त्याचंच पेटीनं पुढं न्यायचं. पण माझ्या बोटांना कुठं दम लागतो? मी पुढं निघून जायची, बाई मागून धावत यायच्या आणि धापा टाकत बसायच्या. वर माझ्यावरच ओरडायच्या. मीही काही कमी नव्हते, मीही ओरडायची.

त्याच सुमाराला सिल्लोडला नणंदेच्या मुलीचं लग्न झालं. मांडवाच्या दारात सनई लागली होती. वाजवणारा एक, आणि शेजारी सांडू नावाचा माणूस गाल फुगवून नुसता एक सूर धरून बसलेला. "याला काय लई काम नाय बघा," असं मी नणंदेला म्हणालेसुद्धा. तेवढ्यात सनईवाल्यानं सनई तोंडातून काढली, दोन घोट पाणी प्याला, खाकरला आणि निवांत पुन्हा सुरू झाला. सांडूचा सूर होता तिथंच होता. मांडवात कुणाच्या लक्षातही आलं नाही. हातातला चहा गार झाला तरी मी बघतच राहिले.

बाईंना काही सांगायची छाती झाली नाही. पेटीवालीनं एकाच पट्टीवर बसून राहायचं? त्यांनी मला तिथंच उठवलं असतं.

कार्यक्रम सुरू झाला. बाई हळूहळू वर चढल्या. वरचा सा लागला, सुरेख लागला, आणि मला त्यांच्या मानेची शीर फुगलेली दिसली. आता तुटतोय. देवा रे! सवयीनं पळायला निघालेली बोटं मी उचलून घेतली. एकच ठेवलं, त्या सा वर, आणि भाता अगदी हळू. तबल्यावरचा बद्रीनाथ माझ्याकडं असा बघायला लागला, जणू ही पेटीवाली गेली कामातून. भात्यावरचा हात थरथरला असता तर सगळं उघडं पडलं असतं. बाईंकडं बघायची हिंमतच नव्हती. मग माझ्या सुरातूनच त्यांचा आवाज पुन्हा वर आला आणि शांतपणे खाली उतरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

नंतर आतल्या खोलीच्या दारातच मी थांबले. आता बोलणी बसणार.

"इकडं ये," बाई म्हणाल्या. त्यांनी माझं मनगट धरलं. "श्वास घेत होते ना गं, तेव्हा मला वाटलं, अजून मीच गातेय."

मला रडूच फुटलं.

"रडतेस काय? दौलताबादकरांना पुढच्या कार्यक्रमासाठी मी आत्ताच हो म्हटलंय. येशील ना?"

"येते," म्हणाले मी, आणि पदरानं डोळे पुसले.