बिनसुराचा पाळक

त्या ख्रिस्ती देवळात उपदेश बोलायचा नसतो, गायचा असतो, हे नव्या पाळकाला कळलं तेव्हा सामान उतरून झालं होतं आणि टेम्पोवाला निघून गेला होता.

बातमी आणली थोरल्या पंचाने, लोहारदादाने. तो पलंग जोडून द्यायला म्हणून आला, दोन खिळे ठोकले आणि म्हणाला, "पाळकसाहेब, आवाज कसा आहे?"

"शेवटच्या बाकापर्यंत जातो."

"तो माझ्या हातोड्याचाही जातो. सूर कसा आहे?"

पाळक खोटं बोलत नसे. पाळक होण्याच्या शिक्षणात त्याला गाणाऱ्यांच्या मागच्या रांगेत उभं करून नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं. घरी लेकीला झोपवायचं काम बायकोने त्याच्याकडून काढून घेतलं होतं, कारण तो गाऊ लागला की झोपलेलं पोर जागं व्हायचं.

"सूर नाही," तो म्हणाला.

"येईल. सुगीपर्यंत बघू, मग पंच बसतील."

पंच बसले की पुढे काय होतं ते पाळकाला पाठ होतं. आधीच्या तिन्ही गावांत ते बसले होते. इथे बायकोला शाळेत नोकरी लागली होती. आणि लेकीने आल्या आल्या विचारलं होतं, "बाबा, इथे मैत्रीण करू, की थांबू?"

रिवाज जुना होता. इथला पहिला पाळक मूळचा विणकर. बोलताना इतका अडखळायचा की त्याचा नमस्कार पुरा होईस्तोवर समोरच्याचं काम आटपून जायचं. गाताना मात्र जीभ मोकळी. म्हणून तो उपदेश गायचा, आणि गातानाही कधी अडकलाच तर मंडळी ध्रुवपद उचलायची, त्याची जीभ सुटेपर्यंत म्हणत राहायची: 'हात धर, पुढे ने, तुझ्यावाचून कोण रे.' त्याच्यामागून आलेले सगळे घडाघडा बोलणारे होते, पण तोवर मंडळीची खात्री झाली होती की उपदेश असाच असतो. मग तेही गायले. कुणाची म्हैस सुटली, तर ती सूचनाही सुरात व्हायची. आणि खरं सांगायचं तर, ज्याच्या कानांनी असा गायलेला उपदेश एकदा ऐकला, त्याला नुसतं बोलणं बिनमिठाचं लागतं. त्यात मंडळीचा दोष नाही.

पहिल्या रविवारी पाळक बोलला. विषय होता हरवलेलं मेंढरू. मोठं वाक्य झालं की थांबा, लोकांना विचार करू द्या, असं त्याला शिकवलेलं. तो थांबला. मंडळीने विचार केला की साहेब अडकले. पुढच्या बाकावरून शिंपीणकाकूंनी ध्रुवपद उचललं, मागून सगळं देऊळ. गाणं संपलं, पाळकाने मेंढराला चार पावलं पुढे नेलं, पान उलटलं, की पुन्हा 'हात धर, पुढे ने.' मेंढरू सापडेपर्यंत तीन घरांत भात करपला.

दुसऱ्या रविवारी त्याने न थांबता बोलायचं ठरवलं. श्वास न घेता अर्धा उपदेश झाला, मग डोळ्यांपुढे अंधारी आली आणि त्याने समोरचा कठडा धरला. मंडळीने ध्रुवपद दोनदा म्हटलं, कारण या वेळी अडचण मोठी दिसत होती.

मग तो शिंपीणकाकूंकडे शिकायला गेला. त्या मशीनवर पाय चालवत म्हणाल्या, "माझ्यामागून म्हणा." त्याने म्हटलं. काकूंचा पाय थांबला. अंगणातल्या शेळीने दावं तोडलं.

"ती तशीही जाणारच होती," काकू म्हणाल्या. "पुन्हा म्हणा."

सुगी होईस्तोवर तो रोज जाई. काकूंनी शेळी आधी शेजारी नेऊन बांधायला सुरुवात केली. शेवटी एक दिवस त्यांनी दोरा तोडला नि म्हणाल्या, "साहेब, देवाने प्रत्येकाला काही ना काही दिलंय. तुम्हाला काय दिलंय ते शोधा. हे नाही."

सुगीचा रविवार आला. उपासनेनंतर पंच बसणार होते. लेक दुसऱ्या बाकावर एका मुलीला खेटून बसली होती. दोघींच्या वेण्यांना एकाच चिंधीच्या फिती होत्या. थांबायचं सोडून तिने मैत्रीण केली होती. पाळकाने ते पाहिलं, "देवाच्या लेकरांनो," एवढं म्हटलं आणि पुढचं वाक्य विसरून तिच्याकडेच बघत राहिला. हा थांबा शिकवलेला नव्हता.

शिंपीणकाकूंनी ध्रुवपद उचललं. पाळक एरवी अशा वेळी घड्याळाकडे बघायचा. आज तो ऐकत राहिला. इतकी माणसं आपल्याला उचलायला उभी आहेत आणि आपण इतके दिवस त्यांना गप्प बसवायला बघत होतो, असं त्याच्या मनात आलं. गाणं ओसरलं तेव्हा तो एकच वाक्य बोलला: "मला इथे राहायचंय." आणि मुद्दाम थांबला. मंडळी गायली. त्याने पुढचं वाक्य दिलं, मंडळीने गाणं दिलं. कागद उघडलाच नाही. उपदेश लांबला, पण त्या दिवशी कुणाचा भात करपला नाही. बायांनी चुली पेटवल्याच नव्हत्या, शहाण्या झाल्या होत्या.

पंच देवळाच्या पायऱ्यांवर बसले. पाळक जवळच उभा होता, कुणी त्याला दूर जा म्हटलं नाही.

"यांना गाता येत नाही, हे सगळ्यांना मान्य?" लोहारदादाने विचारलं.

सगळ्यांना मान्य होतं.

"मागच्या साहेबांचा गळा मधासारखा," खाटीक म्हणाला. "आपल्याला तोंड उघडायचं कामच नव्हतं. मी तर झोपायचो."

"घोरायचास," शिंपीणकाकू म्हणाल्या. "तेही बेसूर."

"आज माझा घसा बसला," खाटीक म्हणाला. त्याची ही तक्रार नव्हती.

लोहारदादा गुडघ्यावर हात टेकून उठला. "राहा, साहेब. तुम्ही बोला, आम्ही गातो. फक्त एक अट आहे."

"माहीत आहे," पाळक म्हणाला.

घरी बायको दारातच उभी होती. "काय झालं?"

"ठेवलं आपल्याला."

"पंचांपुढे गायलात?"

"नाही."

"तरीच," ती म्हणाली, आणि पदर डोळ्यांना लावून आत चूल पेटवायला गेली.