ग्राहकाची तक्रार : नाही

“काका, तुमचा नंबर तीनदा वाजला,” गाड्यांच्या शोरूममधला टायवाला म्हणाला. “तीनदा! आता पुढचे दोघे आटोपले की घेतो तुम्हाला.”

कानसेन हातातल्या चिठ्ठीकडे बघत राहिले. सत्तेचाळीस. मागच्या भिंतीवरच्या पाटीवर लाल अक्षरांत पन्नास दिसत होते. गेला पाऊण तास ते त्या पाटीकडे पाठ करून बसले होते, कारण समोरच्या काचेतून वर्कशॉप दिसत होतं आणि वर्कशॉपमध्ये त्यांची गाडी उजवं पुढचं चाक काढून उंच टांगलेली होती. नंबर बदलताना काहीतरी टिंग करून वाजतं म्हणे. वाजत असेल.

बायको कॉफीच्या यंत्राकडून दोन कागदी पेले सांभाळत आली. “गेला ना नंबर? मला तिकडे ऐकू आलं. वाटलं, तुम्ही उठला असाल.”

“वाजलंच नाही.”

“वाजलं हो,” ती म्हणाली आणि पेला त्यांच्या हातात दिला.

आता हा असा माणूस इथे कशासाठी आला होता, तर आपला कान शाबूत आहे हे लिहून घ्यायला! त्यांचं खरं नाव पगाराच्या दिवशीच काय ते कुणाला आठवायचं. शहराच्या पाणीपुरवठ्याच्या पंपघरात चौतीस वर्षं त्यांना सगळे कानसेन म्हणत. हातभर लांबीचा लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, टोक पंपाच्या अंगाला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग म्हणायचं, “तीन नंबर. मागचं बेअरिंग. पंधरा दिवस काढेल.” पाळीचा प्रमुख ते जसंच्या तसं वहीत उतरवून घ्यायचा. पंधराव्या नाही तर सोळाव्या दिवशी बेअरिंग जायचं. नव्या लोकांना आधी ही थट्टा वाटायची. महिनाभरात तेच धावत यायचे, “कानसेन, जरा पाच नंबर ऐकून द्या ना.”

तीन महिन्यांपूर्वी सगळ्या कामगारांच्या कानांची तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी आलेख दाखवून नीट समजावलं होतं, “बारीक, किनरे आवाज गेलेत तुमचे. जाड आवाज चांगले येतात.” पण साहेबांनी कागदावरची पहिलीच ओळ वाचली, ‘श्रवणशक्ती कमी’, आणि कानसेनांना उचलून फाटकावर बसवलं. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायचे. निवृत्तीला चौदा महिने उरलेले, आणि चौदा महिने हे! बऱ्याच मिनतवाऱ्या केल्यावर साहेबांनी येत्या सोमवारची पाच मिनिटं दिली होती. त्या पाच मिनिटांत काय सांगायचं, या विचाराने कानसेनांची झोप उडाली होती. आणि परवा भर रस्त्यात गाडीचं चाक बोंबललं. बायको शेजारी बसलेली, खाली कडकड असा आवाज, स्टिअरिंग हातात थडथडतंय, कशीबशी गाडी कडेला घेतली. ती घाबरून पांढरीफटक पडली होती. कानसेनांना मात्र, सांगायला लाज वाटते, पण आनंद झाला. कारण हे चाक बोलतंय, हे त्यांनी अकरा महिन्यांपूर्वीच ऐकलं होतं, आणि ऐकून इथे येऊन सांगितलं होतं. याच शोरूममध्ये. याच टायवाल्याला. तेव्हा वॉरंटीचा महिना शिल्लक होता.

“उजव्या पुढच्या चाकात घरघर आहे,” ते तेव्हा म्हणाले होते. “डावीकडे वळताना वाढते, उजवीकडे वळताना दबते. बेअरिंग आहे.” टायवाल्याने गाडी इमारतीभोवती एकदा फिरवून आणली. वेग गोगलगायीचा, एसी चालू, रेडिओ चालू. “टायरचा आवाज आहे, काका. टायर बदला, जाईल.” मग त्याने एक कागद पुढे केला आणि कानसेनांनी सही ठोकली. चष्मा गाडीत होता. शिवाय वाचायचं कशाला? चौतीस वर्षं त्यांनी तोंडाने सांगितलेलं समोरच्याने तसंच्या तसं लिहून घेतलं होतं. इथेही तसंच लिहिलं असणार, असं ते धरून चालले.

टायर बदलले. घरघर होती तिथेच होती. बायको म्हणाली, “दाराची बेल ऐकू येत नाही तुम्हाला, आणि चाक ऐकू येतं?” मग ती तपासणी झाली, आणि त्यांनाच वाटायला लागलं, नसेल काही. असेल आपल्याच डोक्यात. त्यांनी कानाला खडा लावला. चाकाचं पुन्हा नाव काढलं नाही.

“सत्तेचाळीस,” टायवाल्याने हाताने खूण केली.

दोघं त्याच्या टेबलासमोर जाऊन बसले. “हं, तर काका, बेअरिंग गेलंय,” टायवाला हसतमुखाने म्हणाला.

“ते मीच तुम्हाला सांगितलं होतं.”

“कधी?”

“अकरा महिन्यांपूर्वी. तुम्ही स्वतः चक्कर मारून आलात.”

टायवाल्याने संगणकात पाहिलं आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. कानसेनांनी चष्मा लावला. तारीख बरोबर. गाडीचा नंबर बरोबर. कामाचे स्वरूप : नेहमीची तपासणी. ग्राहकाची तक्रार : नाही. खाली त्यांची सही, चांगली झोकदार, पल्लेदार.

“हे मी बोललो नाही,” ते म्हणाले.

“सही तुमचीच आहे ना, काका?”

“सही माझी आहे. बोललो ते कुठे आहे?”

“सिस्टममध्ये जे आहे तेच मी सांगू शकतो.”

“मग सिस्टमला विचारा, चक्कर कशाला मारून आलात? हवा खायला?”

बायकोने टेबलाखालून त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. टायवाला म्हणाला, वॉरंटीचं मॅडम बघतात. मॅडमच्या खोलीत बारा मिनिटं उभं राहिल्यावर मॅडम म्हणाल्या, मुदत दहा महिन्यांपूर्वी संपली, आता मॅनेजरसाहेबांचा विषय आहे. मॅनेजरसाहेब मीटिंगमध्ये होते. मीटिंग काचेपलीकडे दिसत होती, त्यात मॅनेजरसाहेब एकटेच होते आणि सँडविच खात होते. अर्ध्या तासाने त्यांनी आत बोलावलं.

“तुमची भावना मी समजू शकतो,” मॅनेजर म्हणाले.

“भावना राहू द्या. मला एक ओळ लिहून द्या. अमुक तारखेला या माणसाने आवाज सांगितला होता आणि तो खरा निघाला. बस्स. बिल मी पूर्ण भरतो.”

मॅनेजरांनी कान टवकारले. पैसे सोडवायला आलेली माणसं त्यांना रोज भेटत. पैसे पूर्ण भरतो म्हणणारा माणूस त्यांना घातक वाटला. “असं कसं लिहून देणार? आमच्याकडे नोंदच नाही.”

“नोंद तुम्ही केली नाहीत म्हणून नाही!”

“हो, पण नाही ना.”

भिंतीवर डोकं आपटावं, तर भिंतही काचेची. कानसेनांचा आवाज चढला. चढला म्हणजे एवढा, की बाहेर टायवाल्याने मान वर केली. “चौतीस वर्षं मी यंत्रं ऐकतोय! तुमच्या माणसाला रेडिओ बंद करायचं सुचलं नाही! माझी बायको गाडीत होती, चाक निखळलं असतं तर कुणाची नोंद झाली असती?”

मॅनेजर थोडे नरमले. खणातून त्यांनी एक छापील कागद काढला. “हे बघा, जुने ग्राहक म्हणून आम्ही अर्धं बिल माफ करतो. खास तुमच्यासाठी. इथे सही करा.”

“करा हो,” बायको हळूच म्हणाली. “सुटू एकदाचे. दोन दिवस झाले हे चाललंय.”

कानसेनांनी पेन उचललंही. पण या खेपेला चष्मा नाकावर होता. त्यांनी वाचलं. तिसरी ओळ अशी होती : ‘सदर भागाबाबत वॉरंटी काळात माझी कोणतीही तक्रार नव्हती.’

“हे खोडा.”

“ते छापीलच असतं, काका. सगळेच करतात सही.”

“मी एकदा केली. पुन्हा नाही करत.” त्यांनी पेन खाली ठेवलं. “पूर्ण बिल काढा.”

बायकोने डोळे मिटले आणि पर्स उघडली.

बिल निघेपर्यंत ते वर्कशॉपच्या दाराशी जाऊन उभे राहिले. आत जायला बंदी होती, तशी पाटीच होती. निळ्या कपड्यांतला एक म्हातारा मिस्त्री त्यांच्या गाडीचं चाक बसवून हात पुसत होता. त्याने यांना पाहिलं, काय वाटलं कोण जाणे, फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन बाहेर आला.

“तुमचं जुनं बेअरिंग. बघायचंय?”

कानसेनांनी ते हातात घेतलं, दोन बोटांनी फिरवलं. आत वाळू असावी तसं ते करकरलं. त्यांनी ते कानामागच्या हाडाला टेकवलं आणि पुन्हा फिरवलं. बरोबर. हाच तो आवाज. अकरा महिन्यांपूर्वी बारीक होता, आता पिकलाय, पण माणूस तोच.

मिस्त्री त्यांच्याकडे बघत होता. “पंपावर होतात का?”

“कशावरून?”

“हाडाला लावून ऐकलंत. आता असं कोणी ऐकत नाही.” मिस्त्रीने बेअरिंग घेऊन उजेडात धरलं. “ही काय आठ-पंधरा दिवसांची झीज नव्हे. वर्षभर तरी बोलत असणार हे.”

“लिहून द्याल?”

मिस्त्रीने खजील होऊन मागे काचेकडे पाहिलं. “माझं लिहिणं चालत नाही, साहेब. पण बेअरिंग घेऊन जा. ते तुमचंच आहे.”

तेवढ्यावरच त्यांचे डोळे भरून आले. चौकशी नाही, सिस्टम नाही, एका मिस्त्रीने दुसऱ्या मिस्त्रीला हो म्हटलं होतं. बेअरिंग बायकोच्या हातात देऊन ते बिलाच्या खिडकीशी गेले. बिल आलं. शेवटच्या पानावर, सगळ्यांत खाली, दोन बोटं रुंदीचा एक रकाना होता : ग्राहकाचा अभिप्राय. कानसेनांनी पेन मागितलं आणि फाटकावरच्या वहीत लिहितात तशा सुवाच्य अक्षरांत लिहिलं :

‘या चाकाचा आवाज मी अकरा महिन्यांपूर्वी सांगितला होता. तेव्हा तो कुणी ऐकला नाही. आवाज होता.’

“शिक्का मारा,” ते खिडकीतल्या मुलीला म्हणाले.

मुलगी फोनवर होती. फोन खांद्याने कानाशी दाबून धरत तिने कागद ओढला आणि न बघता धाडकन शिक्का मारला. शोरूमचा गोल निळा शिक्का, बरोबर ‘आवाज होता’ या शब्दांवर. आणि वर स्वतःची सही. ती त्यांच्या सहीपेक्षाही झोकदार होती!

कानसेनांनी कागद शर्टाच्या खिशात घातला आणि वरून हात ठेवला. “वाचलं नाही तिने,” बाहेर आल्यावर ते बायकोला म्हणाले, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा हसले. “मीही वाचलं नव्हतं. फिटंफाट! सोमवारी हा कागद साहेबांच्या टेबलावर ठेवतो, आणि वर ते बेअरिंग. फिरवून बघा म्हणावं.”

“ठेवा,” ती म्हणाली. पाच मिनिटांत साहेब काय म्हणतील, आलेखाचं काय करतील, असलं काही तिने विचारलं नाही.

गाडी फाटकाबाहेर पडली. कानसेनांनी डावीकडे वळण घेतलं आणि वळताना मान जराशी कलती केली. मग मुद्दाम पुढच्या चौकात पुन्हा डावीकडे वळले. घराचा रस्ता तो नव्हता.

“बघ,” ते म्हणाले, “कसली मऊ चालतेय. घरघर नाही, काही नाही. येतोय का तुला एक तरी आवाज?”

गाडीत टिंग टिंग चालू होतं. शोरूमचं फाटक सोडल्यापासून चालू होतं. पर्स आणि फडक्यातलं बेअरिंग मांडीवर सांभाळण्याच्या नादात तिचा पट्टा लावायचा राहिला होता, आणि गाडी तिला सारखी आठवण करून देत होती.

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मान अजून कलती होती, चेहरा समाधानाने भरलेला. पंपघरात ते असेच उभे राहत असतील, तिला वाटलं. तिने कधी पाहिलं नव्हतं.

“नाही,” ती म्हणाली. “अगदी शांत आहे.”

आणि तिने हलकेच पट्टा ओढला आणि खटक्यात दाबून बसवला. टिंग टिंग थांबलं.

“पट्टा लावलास ना?” समोर बघतच ते म्हणाले. “ऐकलं मी.”